तांबडा दिवा

सुभाषिते, व्युत्पत्ती आणि सणवार ह्यांत रमणाऱ्या ह्या सदरात आज मोटारीच्या यंत्राची गोष्ट यावी, ह्याचे कित्येक वाचकांस नवल वाटेल. मला स्वतःलाही ते वाटते. माझा उभा जन्म मुलांकडून शब्दरूपे आणि धातू घोकून घेण्यात गेला. आणि धातू म्हटले की माझ्या डोळ्यांपुढे भू, गम्, कृ हेच उभे राहतात, शिसे आणि तांबे नव्हे. परंतु मागच्या आषाढात एका रात्री शिसे आणि तांबे ह्यांनीच आमच्या घरातील चार माणसांस भर पावसात रस्त्यावर उभे केले, आणि तसे होण्यास कारण मी झालो. आता बहुतेक घरांच्या दारात एखादी लहानमोठी चारचाकी उभी असते, तिच्यात म्हातारी माणसे बसतात, लेकुरवाळ्या सुना बसतात. तेव्हा ही हकीकत सांगून टाकणे मला माझे कर्तव्य वाटते.

आमचे थोरले बंधू, ज्यांस आम्ही सर्व दादा म्हणतो, त्यांची हर्नियाची शस्त्रक्रिया यवतमाळ येथे झाली होती. पाचव्या दिवशी त्यांस घरी नेण्याची परवानगी मिळाली. कागदपत्रे आणि औषधे ह्यांत दिवस मावळला आणि आम्ही निघालो तेव्हा दिवेलागण होऊन गेली होती. गाडी पुतण्या चालवीत होता, शेजारी मी, मागे दादा आणि वहिनी. दादांच्या पोटावर टाके ताजे, म्हणून वहिनींनी त्यांच्या पाठीशी दोन उशा लावल्या होत्या. यवतमाळहून नेर परसोपंत आणि नेरहून आमचे नांदगाव खंडेश्वर हा रस्ता आमच्या रोजच्या पायाखालचा. आकाश मात्र भरून आले होते.

यवतमाळ सोडून थोडे अंतर गेलो असू-नसू, तोच पुतण्या हळूच म्हणाला, "काका, हा बॅटरीचा दिवा लागला आहे. विझत नाही. नेरला थांबून कोणाला दाखवू का?"

चालकाच्या पुढ्यात जे काटे आणि अंक असतात, त्यांमध्ये एक इवलासा तांबडा दिवा लागला होता. त्यावर एका चौकोनी पेटीचे चित्र, पेटीच्या अंगावर अधिक आणि उणे ही चिन्हे. चित्र बॅटरीचे आहे हे मलाही समजले. आणि तेवढेच समजले, हा सारा घोटाळा. कारण बॅटरी आम्ही एकच महिन्यापूर्वी नवी कोरी घातली होती. एका सकाळी गाडी सुरूच होईना, तेव्हा अमरावतीच्या एका दुकानदाराने जुनी बॅटरी पाहून 'ही संपली' असा निर्वाळा दिला, जुनी परत घेतली आणि नवी बसवून दिली. पैसे मी मोजले होते, पावती माझ्या कपाटात होती. मग तक्रार कसली? मी पुतण्यास म्हणालो, "अरे, नव्या बॅटरीला काय होणार? दिवा खोटा असेल. दादांना घरी पोहोचव आधी."

त्यात आणखी एक दाखला मी मनातल्या मनात जोडला. आमच्या शेजाऱ्यांच्या ट्रॅक्टरवरचा असाच दिवा गेली दोन वर्षे अहोरात्र जळत आहे आणि ट्रॅक्टर मजेत नांगरतो आहे! पुतण्या काही बोलला नाही. आमच्या घरात काकांच्या शब्दापुढे बोलण्याची रीत नाही. ती रीत आम्हीच घालून दिलेली.

नेर आले आणि गेले. पाऊस धरला. काचेवरचे पुसणारे हात चालू, पुढचे दिवे चालू, काचेवरची वाफ जावी म्हणून पंखा चालू. नेरच्या पुढे काही मैल गेल्यावर मला वाटले की माझे डोळेच अंधुक झाले. पुढच्या रस्त्यावर पडणारा पांढरा उजेड पिवळा, मग समईच्या ज्योतीसारखा तांबूस झाला. काच पुसणारे हात दमलेल्या माणसासारखे अर्ध्यात थांबू लागले. पुतण्याने शिंग वाजविले तर त्यातून बसक्या गळ्याचा आवाज निघाला. एकाएकी तो म्हणाला, "काका, स्टेअरिंग जड झालं!" आणि त्यानंतर दोनतीन आचके देऊन इंजिन बंद पडले. मोठ्या शिताफीने त्याने गाडी रस्त्याच्या कडेला घातली. तरी मागचे एक चाक डांबरावरच राहिले.

त्या काळोखाचे वर्णन मी करीत नाही. मागून येणाऱ्या मालमोटारीला आमचे अस्तित्व कळावे असा एकही दिवा आमच्या गाडीवर उरला नव्हता, एवढेच सांगतो. पुतण्या उतरला, मागच्या पेटीतून तो तांबडा चकाकणारा त्रिकोण काढला, पन्नास-साठ पावले मागे नेऊन ठेवला आणि हातातल्या मोबाइलचा प्रकाश हलवीत पावसात उभा राहिला. एक मालमोटार आम्हांस इतकी घसटून गेली की गाडी हलली. दादांनी डोळे मिटून घेतले. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, यांना खाली उतरवायचं का? इथे बसण्यात काही राम नाही." मला त्या प्रश्नाचे उत्तर देता येईना. उतरवावे तर पाऊस आणि टाके. बसवावे तर मागून मृत्यू. पुढे उतरवण्याचेच ठरले. पुतण्याच्या खांद्यावर हात टाकून दादा रस्त्यापलीकडच्या बाभळीखाली गेले आणि एक छत्री दोघांत धरून उभे राहिले.

देवाच्या दयेने थोड्या वेळाने अमरावतीकडे जाणारी एस. टी. आली. तिच्या चालकाने पुतण्याचा हलता प्रकाश पाहून गाडी थांबविली. वाहकाने खाली उतरून दादांस दोन्ही हातांनी धरून वर चढविले. वहिनी त्यांच्याबरोबर गेल्या. मी आणि पुतण्या मागे राहिलो. रात्री त्याने एकच वाक्य उच्चारले, तेही बऱ्याच वेळाने: "काका, हा दिवा मागच्या आठवड्यातही दोनदा लुकलुकला होता. मी तुम्हांला सांगितलं होतं." सांगितले होते खरेच. मी वर्तमानपत्र वाचीत होतो.

पहाटे शेजाऱ्यांचा तोच ट्रॅक्टर दोर घेऊन आला. त्याच्यावरचा दिवा नेहमीप्रमाणे जळत होता. ज्याचा दाखला देऊन मी पुतण्यास गप्प केले, त्याच्याच मागे दोराने बांधून आम्ही गावात आलो. मेलेल्या इंजिनाच्या गाडीचे चक्र फिरविणे किती कष्टाचे आणि तिचा ब्रेक दाबणे किती जड, हे पुतण्याचे दंड दोन दिवस सांगत होते.

गावातला मेकॅनिक माझाच एक जुना विद्यार्थी. संस्कृतात त्याने मला कधी सुख दिले नाही. परंतु त्या दिवशी मी त्याच्यापुढे बाकावर बसलो आणि तो शिकवीत होता. त्याने एक छोटे विजेचे मापक काढले, त्याच्या दोन सुया बॅटरीच्या दोन शेंड्यांस लावल्या, दुसऱ्या बॅटरीवरून गाडी सुरू करून पुन्हा आकडा पाहिला आणि हसला.

"गुरुजी, बॅटरीचा काई गुन्हा नाही. तिले खायालेच भेटे ना, तं ते बिचारी देईन कुठून? डायनम्याचे कार्बन खतम झाले. मागची बॅटरी बी तुमी उगाच बदलून टाकली."

आता हा डायनमा म्हणजे काय, ते सांगितले पाहिजे. मेकॅनिक लोक सवयीने डायनमा म्हणतात. त्याचे आजचे खरे नाव अल्टरनेटर. जात एकच, पोटजात निराळी. तांब्याच्या वेटोळ्याजवळ लोहचुंबक फिरला म्हणजे वेटोळ्यात वीज वाहू लागते, हा शोध मायकेल फॅरडे ह्याने १८३१ साली लाविला. आपल्या शाळेच्या पुस्तकातले विद्युत जनित्र ते हेच. मोटारीचे इंजिन चालू झाले की त्याच्या आसावरचा एक रबरी पट्टा अल्टरनेटरची चकती फिरवितो. आतला फिरता भाग हा चुंबक. तो जन्मतः चुंबक नसतो, त्याच्या वेटोळ्यात थोडी वीज सोडून त्यास चुंबक बनवावे लागते. फिरत्या वस्तूस वीज पोहोचवावयाची कशी? तर तिच्या आसावर तांब्याची दोन कडी असतात आणि त्या कड्यांवर कोळशाचे दोन लहान तुकडे मागील स्प्रिंगच्या जोराने टेकलेले असतात. हेच ते 'कार्बन'. अष्टौप्रहर घासून ते झिजतात, जशी सहाण आणि चंदनाचे खोड. आमच्या गाडीने सव्वा लाख किलोमीटर रस्ता तुडविला होता. कोळसे झिजून इतके आखूड झाले होते की खड्ड्यात गाडी आपटली की त्यांचा स्पर्श सुटे, आणि मग दिवा लुकलुके. शेवटी त्या रात्री स्पर्श सुटला तो सुटलाच.

फिरत्या चुंबकाभोवती जी स्थिर वेटोळी असतात त्यांत वीज उपजते, पण ती आळीपाळीने पुढेमागे वाहणारी. बॅटरीला तशी वीज चालत नाही, तिला एकाच दिशेने हवी. ते काम डायोड नावाच्या सिलिकनच्या चिमुकल्या झडपा करतात. बहुधा सहा असतात. शिवाय वीज फाजील होऊ नये म्हणून एक नियामक असतो. जुन्या फियाटच्या काळच्या गाड्यांत खराखुरा डायनामो असे. इंजिन संथ फिरत असता त्याच्याकडून फारशी वीज निघत नसे, म्हणून चौकात थांबलेल्या गाडीचे दिवे मिणमिणत आणि निघाली की उजळत. माझ्या वयाच्या वाचकांस हे आठवेल. वालचंद हिराचंद ह्यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापिली आणि मुंबईत कुर्ल्याच्या तिच्या कारखान्यातून निघालेल्या त्या गाड्यांनी मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सींचे साम्राज्य उभे केले; त्या जातीची शेवटची टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरात रस्त्यावरून गेली. अल्टरनेटर शक्य झाला तो ह्या सिलिकनच्या झडपा स्वस्त झाल्या तेव्हा. अमेरिकेत क्रायस्लर कंपनीने १९६० च्या सुमारास तो आपल्या गाड्यांत सर्रास बसविण्यास आरंभ केला आणि यथावकाश तो सर्व जगभर झाला.

बॅटरीची जात ह्याहून जुनी. शिशाचे पत्रे गंधकाम्लात बुडवून वीज साठविता येते हे फ्रान्सच्या गास्ताँ प्लाँते ह्याने १८५९ साली दाखविले. आजची मोटारीची बॅटरी मुळात तीच आहे. तिच्या पोटात सहा कप्पे असतात. भरलेल्या प्रत्येक कप्प्याचा दाब दोन व्होल्टांहून किंचित अधिक, म्हणून एकूण सुमारे १२.६. गाडी सुरू करताना इंजिनास पहिला धक्का देण्याचे प्रचंड काम तिचे. १९१२ साली अमेरिकेत चार्ल्स केटरिंग ह्याचा विजेचा स्टार्टर कॅडिलॅक गाडीवर बसला, त्यापूर्वी हे काम माणसाच्या मनगटाचे होते; आणि हॅन्डल उलट फिरले म्हणजे मनगट मोडे. आमच्या लहानपणी गावात एक जीप होती. ती हॅन्डलने सुरू होई, आणि ते फिरविणाऱ्या गड्यास आम्ही पोरे भीमाचा अवतार समजत असू.

हे सारे मेकॅनिककडून आणि नंतर पुस्तकांतून समजून घेत असता मला आपला योगक्षेम हा शब्द आठवला. आपण तो पत्राच्या मायन्यात सरसकट वापरतो. शास्त्रकार त्याची फोड करतात ती अशी की, जे नाही ते मिळविणे हा योग आणि मिळाले ते राखणे हा क्षेम. अल्टरनेटर हा गाडीचा योग, बॅटरी हा क्षेम. इंजिन सुरू झाल्यानंतर दिवे, पंखा, ठिणगी, पेट्रोल ओढणारा पंप, सगळे अल्टरनेटरच्या कमाईवर चालते आणि उरलेले बॅटरीत जमा होते. कमाई थांबली की घर कणगीतल्या धान्यावर चालू लागते. आठ दिवस कोणास काही कळतही नाही. पंगती त्याच, पोळ्या त्याच. मग एके दिवशी सून कणगीत हात घालते तो तळाला लागतो.

आणि तांबडा दिवा 'कणगी फुटली' असे म्हणत नसतो, 'भरती थांबली' असे म्हणत असतो. चित्र कणगीचे काढले आहे, हा मोटार बनविणाऱ्यांचा अपराध म्हणावा लागेल. न्यायशास्त्रात धुरावरून अग्नीचे अनुमान करावयास शिकवितात आणि त्याबरोबर हेही बजावतात की, हेतू आणि साध्य ह्यांचा संबंध आधी नीट ठरवा. तीस वर्षे मी ते मुलांस समजावून सांगितले. प्रसंग आला तेव्हा मी चित्रावरून अनुमान केले.

दिव्याची योजना मोठी चतुर आहे. जुन्या रचनेत त्या दिव्याचे एक टोक किल्लीमार्गे बॅटरीला आणि दुसरे अल्टरनेटरला जोडलेले असे. किल्ली फिरविली, इंजिन अद्याप बंद आहे. एका टोकाला बॅटरीचा दाब, दुसऱ्या टोकाला काहीच नाही. म्हणून वीज वाहते आणि दिवा लागतो. इंजिन सुरू झाले, अल्टरनेटरही तितकाच दाब देऊ लागला. दोन्ही टोके समान झाली, वाहण्यास उतारच उरला नाही, दिवा विझला. समान पातळीच्या दोन हौदांना जोडणाऱ्या नळीतून पाणी वाहत नाही तसेच. शिवाय आरंभी चुंबक बनविण्यास लागणारी थोडी वीज ह्याच दिव्यातून जात असे. त्यामुळे पुष्कळ जुन्या गाड्यांत हा दिवा जळून गेला की अल्टरनेटरही मुकाट बसे. हल्लीच्या गाड्यांत दिवा लावण्याचे काम गाडीतला संगणक करतो. तरीही परीक्षा तीच: किल्ली फिरविताच दिवा लागला पाहिजे आणि इंजिन सुरू होताच विझला पाहिजे. मुळीच न लागणारा दिवा हा लागून राहणाऱ्या दिव्याहून वाईट. पहारेकरीच निजला, असे समजावे.

दुकानदाराने जी परीक्षा करावयाची ती केली नाही. ती कोणासही करता येते. विजेचे मापक काही शे रुपयांत मिळते. गाडी काही तास बंद राहिल्यावर बॅटरीवर सुमारे १२.६ व्होल्ट दिसावेत. इंजिन सुरू केल्यावर तोच आकडा साडेतेरा ते साडेचौदाच्या दरम्यान चढला पाहिजे. चढला नाही तर अल्टरनेटर, त्याचा पट्टा अथवा मधली तार ह्यांत दोष आहे. मग बॅटरी शंभर वेळा बदला, शंभर वेळा रिकामी होईल. आमची त्या सकाळी साडेअकरावरून हलेना. उलट, आकडा पंधराच्या वर गेला तर नियामक बिघडला, तोही अनर्थच: बॅटरी तापते, फुगते, गंधकाचा कुबट वास येतो. एक जुनी युक्ती मात्र कोणी सांगितली तरी करू नये. गाडी चालू असता बॅटरीची तार सोडून पाहावयाची, इंजिन चालत राहिले तर डायनामो ठीक, अशी पूर्वीच्या चालकांची पद्धत होती. जुन्या साध्या गाड्यांत ती खपून जाई. आता तसे केले तर अल्टरनेटरचा दाब एकदम उसळतो आणि संगणकासारखी नाजूक यंत्रे जळतात. शंभराच्या ठिकाणी पाच-दहा हजारांचा भुर्दंड पडतो.

पुष्कळ वेळा दोष ह्याहूनही क्षुल्लक असतो. बॅटरीच्या शेंड्यांवर पांढरी-हिरवी बुरशीसारखी पूड साचते आणि विजेची वाट अडवते. ती काढण्यास घरातला खाण्याचा सोडा आणि कोमट पाणी पुरते. मात्र आधी इंजिन बंद करून उणे चिन्हाची तार सोडावी, हात धुवावे, आणि मागाहून थोडे व्हॅसलीन लावावे. पट्टा सैल झाला की थंडीच्या सकाळी गाडी सुरू होताना किंकाळी फोडतो. ती ऐकून न ऐकल्यासारखे करू नये. इंजिन बंद असता अंगठ्याने दाबून पाहावा. बोटभर रुंदीहून अधिक दबत असेल तर दाखवून घ्यावा. चालू इंजिनात डोकावताना उपरण्याचा शेव किंवा साडीचा पदर सांभाळावा, हे वेगळे सांगण्याची गरज नसावी. आणि दसऱ्याला गाडीची पूजा करताना हळदीकुंकू, फुले, लिंबू सर्व काही वाहावे, पण पुढचे झाकण उघडून बॅटरीजवळ उदबत्ती ओवाळू नये. भरत असताना तिच्यातून हायड्रोजन वायू निघतो, आणि तो ठिणगीची वाटच पाहत असतो.

आता वाटेत दिवा लागलाच तर काय करावे? पहिली गोष्ट, पट्टा पाहावा. पुष्कळ गाड्यांत तोच पट्टा इंजिनाला थंड ठेवणारा पाण्याचा पंपही फिरवितो. तो तुटला असेल, उष्णतेचा काटा चढू लागला असेल, तर एक पाऊलही पुढे जाऊ नये. पट्टा शाबूत असेल तर आपल्याजवळ कणगीपुरता वेळ आहे असे समजावे. आमचे गणित मागाहून मी मांडले ते असे. लहान गाडीची बॅटरी ३५ अँपिअर-तासांची, म्हणजे ३५ अँपिअर प्रवाह एक तास. पुढचे दोन दिवे मिळून ११० वॉट, म्हणजे ९ अँपिअर. ठिणगी, पंप आणि संगणक मिळून ८ ते १०. काच पुसणारे हात ४-५, पंखा ६ ते ८, मागचे दिवे वगैरे किरकोळ. बेरीज तिशीच्या घरात जाते. अर्थात कोरी भरलेली बॅटरीदेखील तासाभराची सोबतीण. आमची तर महिनाभर अर्धपोटी होती. हेच दिवसा, कोरड्या हवेत, पंखा, वातानुकूलन, गाणी, मोबाइलची तार सगळे बंद ठेवून निघालो असतो तर नेरच काय, नांदगावही गाठले असते. तेव्हा अनावश्यक ते सर्व बंद करावे, इंजिन मात्र बंद करू नये, कारण पुन्हा सुरू करण्यास बॅटरीत बळ उरणार नाही. आणि पहिल्या वस्तीत, उजेडाच्या ठिकाणी, थांबावे. घर गाठण्याचा मोह धरू नये. नेरला आमच्यासाठी उजेड होता, चहाची दुकाने होती, दादांना बसावयास बाक होता. पुतण्याने नाव घेतले होते ते नेरचेच.

ट्रॅक्टरचे कोडे राहिले. जुन्या धर्तीच्या डिझेल इंजिनात ठिणगी नसतेच. दाबलेल्या हवेच्या उष्णतेने इंधन पेटते आणि ते पोहोचविणारा पंप इंजिनच फिरविते. एकदा सुरू झाले की त्याला विजेची गरज उरत नाही. शेजारी रोज सकाळी उतारावरून ढकलून तो सुरू करतात, हे मी दोन वर्षे पाहत आलो होतो. त्याचा अर्थ त्या दिवशी कळला. पेट्रोलच्या गाडीचे तसे नाही. तिचा प्राणच विजेवर. नव्या डिझेल गाड्यांचेही आता तेच झाले आहे.

आमच्याच तालुक्यातून आता समृद्धी महामार्ग जातो. २०२२ च्या डिसेंबरात नागपूर ते शिर्डी हा त्याचा पहिला टप्पा खुला झाला. त्यावर गाड्या ताशी शंभर-सव्वाशे किलोमीटर वेगाने धावतात, आणि वस्ती दूर. तिथे दिवे विझलेली गाडी उभी राहिली तर बाभळीखाली जाण्याइतकाही अवसर मिळेल की नाही, ह्याची शंका आहे. त्या रस्त्यावर चढण्यापूर्वी पुतण्या आता गाडी थांबवून ते तांबडे चित्र एकवार पाहून घेतो. मी पाहू लागलो की म्हणतो, "पाहिलं मी, काका."

कोळशाचे दोन नवे तुकडे, कडी घासून साफ करणे आणि मजुरी, मिळून नव्या बॅटरीच्या किमतीचा आठवा हिस्साही लागला नाही. मेकॅनिकने मापक पुन्हा लाविले. आकडा चौदाच्या किंचित वर चढला आणि तिथे स्थिर राहिला. मजुरी घेण्यास तो राजी नव्हता. मी बळेच दिली.

दादांचे टाके सुदैवाने सुखरूप होते. दोन दिवस ताप आला, तो उतरला. त्यांनी मला काही म्हटले नाही. मीच चवथ्या दिवशी जेवणाच्या पंगतीत, सर्वांच्या देखत, पुतण्यास म्हणालो की त्या रात्री तुझे बरोबर होते आणि मी तुला गप्प केले ते चुकले. पंगतीत क्षणभर कोणी घास घेतला नाही. काकांच्या तोंडी असले वाक्य घरात कोणी ऐकले नव्हते. पुतण्या मान खाली घालून वरणभात कालवीत राहिला. दादा तेवढे म्हणाले, "ताक वाढा त्याला."

त्यानंतर अमरावतीला दादांस दाखवावयास दोनदा जाणे झाले. दोन्ही वेळा पुतण्याने किल्ली फिरविली, दिवे लागले, इंजिन घरघरले, आणि गाडी हलण्यापूर्वी मागच्या आसनावरून वहिनींचा प्रश्न आला, "विझला का रे?"